पहिलं बोट पास्टरांचं

पास्टर मनोहर खंडारे यांचं रक्त मी तेरा-चौदा वेळा तरी तपासलं असेल. निकाल दर वेळी तोच. बारक्या काचेच्या नळीतल्या औषधात थेंब पडायचा, पाच मिनिटांत ते गढूळ व्हायचं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा व्हायच्या. रेघा दिसल्या नाहीत, म्हणजे रक्तात सिकलसेल हा पिढीजात दोष आहे. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पहिल्यांदा आले तेव्हाच त्यांच्या खिशात सिकलसेलचे वाहक असल्याचं सरकारी कार्ड होतं. तरी लग्न ठरलेलं एखादं जोडपं घेऊन ते आमच्या दवाखान्यात आले, की चष्मा कपाळावर सरकवून आधी आपलं डावं बोट पुढे करायचे.

मी तेव्हा आर्वीच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. सकाळपासून तीच रांग, त्याच तक्रारी. अकराच्या पुढे जरा श्वास घ्यायला मिळे, नेमके तेव्हाच ते पहिल्यांदा आले. मागे मान खाली घालून उभे असलेले मुलगा-मुलगी. पास्टर म्हणाले, "पयले माहं काढा." मी वैतागलेलोच होतो. तुमचं तर लग्न झालेलं दिसतं, असं काहीतरी तुसडं बोललो. ते शांतपणे स्टुलावर बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "हे पोट्टे भेतात, भाऊ. निकाल खराब आला त आपण एकटेच खराब आहो, असं वाटते त्यायले. माहा त खराब येतेच. मंग त्यायले सोबत होते."

त्या दिवशी त्या दोघांचे निकाल चांगले आले. पास्टरांचा तेवढा खराब आला. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, दोघांच्या पाठीवर हात ठेवला आणि जायला वळले. दाराशी थांबून त्यांनी माझं नाव विचारलं. राऊत म्हटल्यावर म्हणाले, "राऊत भाऊ, तुम्ही बी थकलेले दिसता. बसत जा मधामधात."

बसणं ही त्यांची गरजच होती. पन्नाशीचा उंच, सडपातळ माणूस, पण खांदे असे पुढे आलेले, की डोक्यावरचं ओझं नुकतंच उतरवून ठेवलंय असं वाटावं. कुठेही गेले की आधी टेकायला जागा बघायचे. रविवारी सकाळी आर्वीच्या टिनाच्या छपराच्या लहानशा चर्चमध्ये उपासना, दुपारी एसटीनं जाऊन दोन खेड्यांत प्रार्थना. आठवडाभर कोणाचं आजारपण, कोणाच्या शाळेचे दाखले, कोणाचं नवरा-बायकोचं भांडण. चर्चच्या मंडळीत घरं वीस-पंचवीस, पण प्रत्येक घराची कटकट पूर्ण मापाची. कसे आहात विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "थकलो. पन बरं आहे. ज्यायले बोलावलं, त्या यादीत नाव आहे आपलं." पहिल्यांदा मला त्याचा अर्थ लागला नाही. मग त्यांनी सांगितलं, की कष्टी आणि ओझ्याखाली वाकलेल्या लोकांनी माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन, असं त्यांचा प्रभू म्हणाला होता. "ताज्यातवान्या लोकायले बोलावल्याचं कुठं लिहून नाई," एवढं वर जोडलं.

आमची ओळख वाढली ती त्या दुपारच्या रिकाम्या वेळात. मी काही धार्मिक माणूस नाही. घरी देवघर आहे, ते बायको बघते. पास्टरांनी मला कधी त्यांच्या धर्मात ओढायचा प्रयत्न केला नाही. शास्त्र मात्र त्यांच्या बोलण्यात असं यायचं, जसं दुसऱ्याच्या बोलण्यात घरातल्या माणसांचं नाव येतं. एकदा मी माझ्या बायकोची तक्रार करत बसलो होतो. तिला महिनाभर माहेरी जायचं होतं, आईचं ऑपरेशन होतं. मी नको म्हटलं होतं आणि ती माझं ऐकत नव्हती. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "आमच्या लग्नात वाचतात, बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं. ते वाचाले लोकं लय खुशीनं उभे राह्यतात. पन त्याच पानावर लिहिलं आहे का नवऱ्यानं बायकोसाठी आपला जीव द्यावा. ते आलं का सगळे खोकलतात." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही किती मेले तिच्यासाठी, या महिन्यात?" मला राग आला होता. पण संध्याकाळी घरी जाऊन मी तिला गाडीत बसवून देतो म्हणालो. त्या महिन्यात मी रोज स्वतः भाजी-पोळी केली, आणि रोज ती करपली.

त्यांच्या पत्नीला मी प्रथम पाहिलं ते एक रिपोर्ट द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा. चर्चच्या मागच्या दोन खोल्या. पास्टर मोरीपाशी बसून भांडी घासत होते. मला बघून लाजले वगैरे अजिबात नाहीत. प्रभू घरी आला तेव्हा एक बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि दुसरी, मार्था, स्वयंपाकात राबत राहिली, ती गोष्ट त्यांनी हात धुता धुता सांगितली. "मार्थाले बोलनं बसलं. पन जेवन त सगळ्यायनं केलं असंल. कोनी उठून दोन ताटं घासली असती, त तिले बी ऐकाले भेटलं असतं." आतून सुमन वहिनी चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, सावळ्या, केस अकाली पांढरे. चहा ठेवला, माझ्या घरच्यांची चौकशी केली आणि आत गेल्या. आवाजात राग नव्हता, दुःखही दिसत नव्हतं. सगळं बोलून संपलेल्या माणसाचा आवाज असतो तसा तो होता.

सुमन वहिनी चर्चमध्ये येत नाहीत, हे मला आधी बाहेरूनच कळलं. पास्टरांनी त्याचं कारण सांगितलं ते बऱ्याच महिन्यांनी, तेही तुटक तुटक.

वहिनी देवळीच्या. लग्न चर्चच्या माणसांनी जमवलेलं. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये, हे वचन त्यांच्याही लग्नात वाचलं गेलं होतं. एकच मुलगी झाली, करुणा. सात-आठ महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली, तेव्हा कोणाला काही समजलं नाही. मग डोळे पिवळे होत गेले, ताप, सांधे धरणं, रक्त चढवणं. आजाराचं नाव कळलं, त्यावर गोळ्या सुरू झाल्या, पण तो कुठून आला हे त्यांना नीट कोणी सांगितलं नव्हतं. करुणा पंधरा वर्षांची असताना वर्ध्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. आई हाफ, बाप हाफ, म्हणजे दोघंही नुसते वाहक. एकटं हाफ असेल तर माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. दोघं हाफ असले, की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, की मूल पूर्ण आजार घेऊन जन्मेल.

परतीच्या एसटीत करुणा आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. वहिनी तिचे केस सारखे करत होत्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "देवानं जोडलं म्हनता ना तुम्ही. आपल्याले कायले जोडलं मंग?" पास्टर मला म्हणाले, "भाऊ, वीस वर्षं झाली उपदेश करून. त्या गाडीत माह्यापाशी एक शब्द नव्हता."

करुणा गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मातीला सगळी मंडळी आली. प्रत्येकानं जवळ येऊन एकच वचन म्हटलं, की देवानं दिलं, देवानं नेलं, त्याच्या नावाचा धन्यवाद असो. हे वचन पास्टरांनी स्वतः कितीतरी घरांत जाऊन म्हटलेलं होतं. त्या दिवशी ते ऐकताना वहिनींनी कानांवर हात ठेवले, तसेच घरी येईपर्यंत ठेवले. त्यानंतर त्या चर्चमध्ये आल्या नाहीत.

"मी घरी येऊन शास्त्रातलं ते पुस्तक पुन्हा काढलं," पास्टर म्हणाले. "तवा मले दिसलं का ईयोबाची सगळी लेकरं मेली, अन् त्यानं ते वाक्य सोताच्या लेकरायसाठी म्हटलं. सोताच्या तोंडानं. दुसऱ्यानं त्याले सांगितलं नाई. अन् त्याचे दोस्त आले, ते सात दिवस त्याच्यासंगं जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाई. तेवढंच त्यायनं बरोबर केलं. तोंड उघडलं अन् सगळं बिघडलं."

तेव्हापासून कोणाच्या घरी कोणी वारलं, की पास्टर जायचे आणि गप्प बसायचे. हे मी स्वतः अनुभवलं. माझा मोठा भाऊ शेतात विजेचा धक्का बसून गेला तेव्हा माझ्या गावी, आर्वीपासून पाऊण तासावर, ते दुसऱ्या दिवशी हजर झाले. आमच्याकडे गर्दी होती, प्रत्येकजण काही ना काही समजावत होता. हे ओसरीच्या कोपऱ्यात आईजवळ बसले. दुपारी उठून विहिरीवरून पाणी आणलं, माठ भरले, पुन्हा येऊन बसले. असं तीन दिवस, रोज एसटीनं येऊन. तिसऱ्या दिवशी आई त्यांच्याशी बोलायला लागली. भावाच्या लहानपणापासून सगळं. ते नुसतं हो, हो म्हणत राहिले. ते गेल्यावर आईनं मला विचारलं, हे कोण होते. मी सांगितलं. ती म्हणाली, "चांगला मानूस आहे. काई शिकवलं नाई त्यानं मले."

रक्त तपासायचं खूळ, मंडळी त्याला खूळच म्हणायची, करुणाच्या नंतरचं. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार जोडप्याची नावं वाचून दाखवतात, कोणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. पास्टरांनी जाहीर केलं, की दोघांचे सिकलसेलचे निकाल पाहिल्याशिवाय मी नावं वाचणार नाही. लग्न लावणार नाही असं ते म्हणाले नव्हते. आधी माहीत करून घ्या, एवढंच. पण कुजबुज झालीच. देव जोडतो तिथं रक्त कशाला बघायचं, हा अविश्वास आहे, असं कमिटीतले वडीलधारे म्हणत. त्यात शामराव काका सगळ्यांत पुढे. निवृत्त कारकून, कडक शिस्तीचे, चर्चचं छप्पर त्यांनी उभं राहून घालून घेतलेलं. पास्टर त्यांना एवढंच म्हणाले, "देवानं डोये दिले ते मिटून घ्यासाठी नाई दिले, काका."

पाच-सहा वर्षं हे कसंबसं चाललं. मग शामराव काकांच्या नातीचं, स्नेहलचं लग्न ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, अमित. पत्रिका छापून झाल्या होत्या. काकांनी बरीच टाळाटाळ केली, शेवटी कटकट नको म्हणून दोघांना पास्टरांबरोबर माझ्याकडे पाठवलं. आधी पास्टरांचं बोट, मग स्नेहलचं, मग अमितचं. तीन नळ्या मी कागदासमोर धरल्या. तिन्हींमागच्या रेघा दिसेनात. पक्क्या तपासणीसाठी नमुने वर्ध्याला गेले आणि आठ दिवसांनी दोघं हाफ असल्याचं कळलं.

निकाल सांगणं हे माझं काम होतं, मी ते पुस्तकी भाषेत केलं. प्रत्येक वेळी चारात एक. गर्भारपणात तपासणी होऊ शकते, त्याला नागपूरला जावं लागेल, पुढचा निर्णय मग तुमचा. अमित पायांकडे बघत होता. स्नेहल माझं ऐकतच नव्हती, ती पास्टरांकडे बघत होती. म्हणाली, "पास्टरजी, तुमाले आधी मालूम असतं, त तुमी आंटीसंग लग्न केलं असतं?"

पास्टरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग उठले. "हे तिले विचार," म्हणाले. "मले बी मालूम नाई."

मी लॅबला कुलूप लावून त्यांच्याबरोबर गेलो. नियमात ते बसत नव्हतं, पण मला एकट्यानं मागे राहवेना. वहिनी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. पास्टरांनी दोघांना बसवलं, निकाल सांगितला आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांना असं उभं मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्नेहलनं तोच प्रश्न वहिनींना विचारला. सूप थांबलं.

"केलं असतं," वहिनी म्हणाल्या. "याच मानसासंग केलं असतं. पन मंग दोघंच राह्यलो असतो." थोड्या वेळानं त्या पुन्हा बोलल्या, या वेळी कोणाकडेही न बघता. "असं म्हनतो खरं. पन करुणा झालीच नसती, असं बी म्हनवत नाई माह्यानं." मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि स्नेहलला म्हणाल्या, माझं ऐकून काही ठरवू नको, माझ्या पोरीचं ऐक.

तासभर त्या करुणाबद्दल बोलल्या. दुखणं उठलं की तिचे गुडघे आणि पाठ कशी धरायची, गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवली की तिला जरा बरं वाटायचं. दहावीचा एक पेपर तिनं कसा डाव्या हातानं उजवा हात धरून लिहिला. शेजारच्या खोलीत बाबा उपदेश लिहीत असले, तर त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती उशी दातांत धरायची. हे शेवटचं पास्टरांना माहीत नव्हतं. चौकटीवरचा त्यांचा हात खाली घसरला, ते उंबरठ्यावर बसले. आणि ती किती हसायची, नकला कशा करायची, शामराव काकांची तर हुबेहूब, हेही वहिनींनी सांगितलं. स्नेहल रडत होती. अमितनं विचारलं, तिला कधी वाटलं का, की आपण जन्मालाच यायला नको होतं. वहिनी म्हणाल्या, "एकदा म्हटलं तिनं तसं. दुसऱ्या दिवशी म्हने, मम्मी, ते खोटं होतं."

मला दवाखान्यात सोडायला पास्टर बाहेर आले आणि त्यांच्या जुन्या स्कूटरचं हँडल धरून उभे राहिले. सुरू करेनात. मला म्हणाले, "एवढ्या वर्षांत हे मी तिले विचारलं नाई, भाऊ. भ्या वाटे मले, ती नाई म्हनन." बाहीनं चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज मी मेलो तरी चालते." ते आनंदानं म्हणाले, की थकून, हे मला आजही सांगता येणार नाही.

आठवड्याभरात अमितच्या घरच्यांनी लग्न मोडलं. त्या दोघांनी नेमकं काय ठरवलं होतं, ते विचारायला कोणी थांबलंच नाही. स्नेहल महिनाभर घराबाहेर पडली नाही. शामराव काकांचा सगळा राग पास्टरांवर आला. त्यांनी कमिटी बोलावली. मी तिथे नव्हतो, पास्टरांनीच नंतर सांगितलं. काकांनी उभं राहून शास्त्रातलं वचन वाचलं, की ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही, तो देवाच्या मंडळीची काळजी काय घेणार. मग म्हणाले, यांची बायको इतकी वर्षं चर्चची पायरी चढली नाही आणि हे आमच्या मुलांची लग्नं ठरवणार. शेवटी कमिटीनं तोड काढली. येत्या रविवारी सुमनबाईंना पहिल्या बाकावर आणून बसवा, विषय संपला.

पास्टर म्हणाले, वचन खरं आहे. घरी आले, जेवले, आणि वहिनींना काहीही न सांगता दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून दिला.

मी त्यांच्यावर चिडलो. एका रविवारचा तर प्रश्न होता, वहिनींना सांगून तर बघायचं. ते आमच्या लॅबच्या स्टुलावर बसून माझं सगळं ऐकत राहिले. मग म्हणाले, "आली असती ती. मले मालूम आहे, आली असती. पन माह्या नोकरीसाठी येऊन बसली असती. नवऱ्यानं बायकोवर प्रीती करावी, असं लिहिलं आहे. तिले हजर करावं, असं लिहून नाई."

पण त्यांच्या मनातली बोच वेगळीच होती, आणि ती त्यांनी जाता जाता बोलून दाखवली. देवानं जोडलेलं तोडू नये म्हणतात, आणि मी जोडायच्या आधीच तोडत फिरलो असेन तर? त्या पोरीचं मन अमितवर होतं. दोनेक वर्षांनी स्नेहलचं दुसरीकडे लग्न झालं, तिला मुलगा झाला, तो ठणठणीत आहे. हे मी पास्टरांना फोनवर कळवलं. ते म्हणाले बरं झालं. पण त्यानं त्यांची बोच गेली, असं मला वाटलं नाही.

पास्टर आणि वहिनी देवळीला वहिनींच्या माहेरच्या घरात राहायला गेले. वडील गेल्यापासून ते बंदच होतं. पास्टरांना शुगर होती, तिकडे तिनं डोळ्यांवर झडप घातली. तीन वर्षांत अक्षरं दिसेनाशी झाली. मी निवृत्त झाल्यावर एकदा भेटायला गेलो, तेव्हा ते बाजेवर बसले होते आणि वहिनी शेजारी खुर्चीवर बसून त्यांना शास्त्र वाचून दाखवत होत्या. मी दारातच थबकलो. माझी चाहूल लागली तशा वहिनींनी पुस्तक मिटलं आणि चहाला उठल्या.

त्या आत गेल्यावर पास्टरांनी मला हातानं जवळ बोलावलं. रोज वाचते, हळू आवाजात म्हणाले, मी सांगितलं नव्हतं, तिनंच सुरू केलं. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, जे मी आर्वीत फार कमी पाहिलं होतं. "मधले मधले वचन सोडून देते ती. जे तिले पटत नाई ते. तिले वाटते, याले काई समजत नाई. मले त सगळं पाठ आहे."

तुम्ही वहिनींना सांगत नाही का, मी विचारलं. ते म्हणाले, "कायले सांगू? जेवढं तिच्या तोंडून निंगते, तेवढं खरं निंगते."

ती आमची शेवटची भेट. गेल्या हिवाळ्यात पास्टर गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा मी नागपूरला मुलीकडे होतो. देवळीला पोचायला दुसरा दिवस उजाडला, माती होऊन गेली होती. पाहुणे पांगले होते. वहिनी ओसरीवर एकट्याच होत्या. मी काही न बोलता शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं त्या आपणहून बोलायला लागल्या. आर्वीहूनही लोक आले होते म्हणाल्या, शामराव काकासुद्धा, काठी टेकत. आता सगळे म्हणतात, ताई, आता तरी चर्चमध्ये येत जा.

जाणार का, मी विचारलं.

"मालूम नाई. देवासंग माहं अजून बोलनं नाई, राऊत भाऊ," त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करत पुढे बोलू लागल्या. "आर्वीत लोकं म्हनत, पास्टरची बायको त्याचंच ऐकत नाई. मी चर्चमधी गेली नाई, ते खरं. पन शनिवारी दुपारी हे समोरच्या खोलीत उद्याचा उपदेश मोठ्यानं म्हनून पाहत. मी सयपाकघरात राहो. काम संपलं तरी तिथंच बसून राहो. एक शनिवार चुकला नाई माहा. एवढ्या वर्षांत त्यायले कधी सांगितलं नाई."

समोरच्या रस्त्यानं कापसाची गाडी गेली, ती वळेपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"परवा सकाळी सांगितलं. मी म्हटलं, तुमचा उपदेश मी दर शनिवारी ऐको, आतून. त्यायनं माहा हात धरला. म्हने, मालूम आहे मले. म्हनून त मोठ्यानं म्हनो."